कार्टून पिक्चर आणि थीम पार्कचं संगीत: एकच संगीतकार निवडायचा तर कोण?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही पाच-सहा जण महिन्यातनं एकदा कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या घरी जमतो आणि एका संगीतकाराचं काम नीट बसून ऐकतो, मोबाईल बाजूला ठेवून. मागच्या वेळी गोविंदराव टेंबे झाले. आता माझी पाळी आहे आणि मी विषय घेतलाय ॲनिमेशन पिक्चर आणि थीम पार्कचं संगीत. अट एकच, नाव एकच आणायचं आणि का ते सांगायचं. तिथंच माझं घोडं अडलंय.

हे वेड लेकीमुळं लागलं. आठ वर्षांची आहे, तिच्याबरोबर कार्टून बघता बघता एकदा तिनं टीव्हीचा आवाजच बंद केला आणि म्हणाली, पप्पा बघा, आता माकड नाचत नाही, नुस्तं हलतंय. तेव्हापास्नं मी कान देऊन ऐकायला लागलो, कारण चित्रातल्या माणसाला स्वतःचा आवाजच नसतो ना, पाऊल वाजायचं म्हटलं तरी ते कुणीतरी बसून तयार करावं लागतं, म्हणजे संगीतकाराच्या अंगावर केवढं ओझं आलं बघा. आणि गेल्या उन्हाळ्यात तिला घेऊन खोपोलीकडं पार्कला गेलो होतो, एका राईडच्या रांगेत पाऊण तास उभे होतो, तीच चाल फिरून फिरून येत होती आणि शेवटपर्यंत कंटाळा आला नाही. ती चाल लिहिणाऱ्याला किती कळत असेल!

म्हणून मला असा माणूस पाहिजे ज्यानं दोन्ही केलंय, पिक्चर पण आणि पार्क पण. माझ्या डोक्यात शर्मन बंधू, ॲलन मेंकन आणि मायकल जियाकिनो अशी तीन नावं आहेत. तुम्ही कुणाला घ्याल? कारण सांगा, नुस्तं नाव नको.

सुरपेटी_गंगावेश

शर्मन बंधू. विचारच करू नका.

रिचर्ड आणि रॉबर्ट, दोघं भाऊ. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्नेनं युनिसेफसाठी एक बोटीची राईड केली, देशोदेशीच्या बाहुल्या गातायत अशी, तीच 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'. आधी विचार असा होता की प्रत्येक देशाच्या बाहुल्या आपापलं राष्ट्रगीत म्हणतील. आता सगळी राष्ट्रगीतं एकाच छताखाली एकदम वाजली तर काय होणार, नुस्ता कल्ला! म्हणून वॉल्ट डिस्नेनं ह्या दोघांना सगळ्यांसाठी मिळून एकच गाणं करायला सांगितलं.

आता खरी कारागिरी ऐका. त्या गाण्याचा मुखडा आणि अंतरा एकाच वेळी म्हटला तरी जमतो. मी हे घरी करून बघितलंय, बायकोनं मुखडा धरला आणि मी त्याच वेळी पेटीवर अंतरा वाजवला, एक स्वर टोचला नाही. बोट पुढं सरकते, मागच्या दालनातलं गाणं कानात असतंय तोवर पुढचं सुरू होतंय, तरी दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. इतकं साधं गाणं, बालवाडीतलं पोरगं म्हणेल असं, आणि आत हिशोब एवढा पक्का. शास्त्रीय शिकलेल्या माणसानं सुद्धा मान तुकवावी असं काम आहे हे.

शिवाय पिक्चर म्हणाल तर 1967 चा जंगल बुक त्यांचाच. आणखी काय पाहिजे?

टाकाळा_चढ

सुरपेटी, थोडं थांबा. जंगल बुकमधली गाणी बहुतेक शर्मनची हे बरोबर, पण अस्वलाचं जे सगळ्यात गाजलेलं गाणं आहे ते टेरी गिलकिसनचं, आणि पार्श्वसंगीत जॉर्ज ब्रन्सचं. शर्मन म्हणजे गाणी लिहिणारे. अख्खा पिक्चर सुरुवातीपासनं शेवटपर्यंत सुरांवर तोलून धरणं हे वेगळं काम आहे आणि ते करणाऱ्याला मी जास्त मार्क देतो.

माझं मत जियाकिनो. 'अप' (2009) मध्ये सुरुवातीला नवराबायकोचा आख्खा संसार चारेक मिनिटांत दाखवलाय, एक शब्द बोलत नाहीत. तीन-तीनच्या ठेक्यावरची एक छोटी चाल आहे, आपल्या दादऱ्यासारखी झुलणारी, लग्नात ती नाचते, मग संसारात रुळते, आणि बायको गेल्यावर तीच चाल एकट्या पियानोवर, थांबत थांबत येते. माझी आई गेली त्या वर्षी मी हे बघितलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती चाल मला लावता येत नव्हती. ह्याच कामाला ऑस्कर मिळालं.

आणि पार्कचं म्हणाल तर 2005 साली डिस्नेलँडच्या स्पेस माउंटनला त्यानंच नवीन संगीत दिलं. अंधारातली रोलर कोस्टर आहे ती, स्पीकर गाडीतच बसवलेले, म्हणजे वळण आलं की संगीत वळणार, गाडी पडली की संगीत पडणार. एकच माणूस म्हाताऱ्याचं दुःख पण लिहितोय आणि पोटात गोळा आणणारी घसरण पण. म्हणून जियाकिनो.

बेंजोवाला

भावांनो मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, सोळा वर्षं झाली, पिक्चरचं मला तुमच्याएवढं कळत नाही पण राईडचं संगीत म्हणजे काय ते मी सांगू शकतो कारण मिरवणूक पण तशीच असते. राईडमध्ये माणूस पुढं जातो आणि बाहुल्या जागेवर, मिरवणुकीत माणसं जागेवर आणि आम्ही पुढं, फरक एवढाच. आमचं गाणं कुणीच पहिल्यापास्नं शेवटपर्यंत ऐकत नाही, जो कोपऱ्यावर उभा आहे त्याला दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात त्याला पकडलं पाहिजे, आणि ती दोन मिनिटं कुठली असतील ते आपल्या हातात नाही. म्हणजे प्रत्येक तुकडा असा वाजवायचा की तिथनं ऐकायला सुरुवात केली तरी माणसाला अर्धवट वाटू नये.

आणि पापाच्या तिकटीला दोन मंडळं समोरासमोर आली की काय होतंय ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा सूर वेगळा, आमचा वेगळा, हलगी पुढं ताशा मागं, मधे उभ्या माणसाच्या कानाचा चिवडा होतो. मी एकदा त्यांच्या कीबोर्डवाल्याकडं बघून हात केला, त्यानं पट्टी दाखवली, मी बदलली, आणि दोघांनी एकच गाणं धरलं. चौकातली माणसं नाचायची थांबून बघायला लागली आणि मग अशी काही नाचली की बस्स. त्यामुळं सुरपेटींनी ते मुखडा-अंतऱ्याचं सांगितलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. आम्हाला एका रात्री नशिबानं जमलं ते ह्या दोघा भावांनी आधीच कागदावर बसवून ठेवलंय.

आणखी एक नाव देतो, बडी बेकर. डिस्नेलँडचा भूतबंगला, 1969 चा. चाल एकच आहे पण आत शिरताना ती ऑर्गनवर संथ, मयतासारखी, मग मेजवानीच्या दालनात भुतं नाचतात तिथं तीच वॉल्ट्झ होते, आणि शेवटी स्मशानात सगळी भुतं मिळून तीच चाल मजेत गातात. एका चालीवर आख्खा बंगला उभा केलाय. लई भारी काम.

उचगावकर

मेंकनचं कुणी नाव काढेना म्हणून मी काढतो. लिटल मरमेड 1989, ब्यूटी अँड द बीस्ट 1991, अलादीन 1992, चार वर्षांत तीन. त्यांचा गीतकार हॉवर्ड ॲशमन मार्च 1991 मध्ये गेला, ब्यूटी अँड द बीस्ट थिएटरात लागलेला बघायला तो नव्हता, आणि अलादीनची राहिलेली गाणी मेंकननं टिम राइसला घेऊन पूर्ण केली. जोडीदार गेल्यावर पण काम उभं ठेवणं सोपं नाही हो. पार्क पण आहे, टोकियो डिस्नेसीमध्ये सिंदबादची बोट, तिथं पूर्ण प्रवासभर त्यांचं एकच गाणं आहे.

मंगळवार_पेठेतली

तुम्ही सगळे एवढ्या लांब गेलात, पण आपल्या गावच्या पाण्यावर वाढलेला माणूस विसरलात. वसंत देसाई.

1974 चा 'एक अनेक और एकता' आठवतो का? फिल्म्स डिव्हिजनचा, विजया मुळे यांचा, सातेक मिनिटांचा. दूरदर्शनवर लागायचा तेव्हा आम्ही भावंडं जेवणाचं ताट सोडून पळायचो आणि आई ओरडायची. त्याचं संगीत वसंत देसाईंचं. आता 'ह्यात कार्टून ते काय' म्हणू नका, पूर्ण ॲनिमेशन आहे ते. ताई-भावाचं बोलणं चालू आहे, एक म्हणजे काय, अनेक म्हणजे काय, आणि बोलता बोलता ते गाणं कधी होतं ते कळतच नाही. साधना सरगम लहानपणी गायलीय त्यात. मी अंगणवाडीत आहे, आजही पोरांना मोबाईलवर दाखवते, जाळ्यासकट पक्षी उडाले की पोरं न सांगता हात वर करतात. दर वर्षी पोरं नवीन असतात आणि दर वर्षी त्याच जागी हात वर जातात.

हे देसाई मूळचे कोकणातले, पण 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथं आपल्या कोल्हापुरात सुरू झाली तेव्हा इथंच आले, पडेल ते काम करत शिकले. 'घनश्याम सुंदरा' देणारा माणूस तो, आणि शेवटच्या काळात लहान पोरांसाठी इतकं निर्मळ काम करून गेला. डिसेंबर 1975 मध्ये गेलेच ते. थीम पार्क त्यांच्या नशिबी नव्हता, तेव्हा तुमच्या अटीत बसत नसतील, पण कोल्हापुरात बसून ऐकणार असाल तर त्यांना वगळून सुरुवात करू नका, एवढंच माझं म्हणणं.

रंकाळाकाठ

काल रात्री सगळं दोनदा वाचून काढलं. टाकाळा, ती पियानोची जागा मी पण ऐकली, पुढं काही लावलं नाही मग.

नाव मात्र ठरलं, शर्मन बंधू. पार्श्वसंगीताचा मुद्दा मान्य आहे तरी शर्मनच, कारण बेंजोवाल्यांनी तिकटीचं लिहिलं तेव्हा मला कळलं की त्या राईडमध्ये नक्की काय सोडवलंय. लेकीला मुखडा शिकवायला घेतलाय, अंतरा मी म्हणणार, शनिवारी मित्रमंडळींसमोर दोघं एकदम म्हणून दाखवणार. अजून ती मधेच माझ्या ओळीवर घसरतेय, दोन दिवसांत बसेल.

आणि ताई, दिवे मंद केल्यावर सगळ्यात आधी ती वसंत देसाईंची सात मिनिटंच लावणार. बेंजोवाले, शनिवारी मोकळे असाल तर या की, सातला सुरू करतोय. कीबोर्ड घेऊन या, पट्टी काळी एक.