तपकिरी टाकला की पिवळा येतोय, मदत हवी आहे

अर्धाकप: दोन तास झाले, डोकं उठलंय. तपकिरी हवाय. लाल 150, हिरवा 75, निळा 0 (प्रत्येकी 255 पैकी). आकडे दहादा तपासले. तरी येतो झगझगीत पिवळा, लिंबासारखा. जरा लवकर सांगा.

चष्मिष: कशात करताय?

पणती: स्क्रीनचा रात्रीचा मोड चालू असेल. त्यात निळा कमी होतो नि सगळं पिवळट दिसतं. माझे एकदा चार दिवस गेले होते यात.

अर्धाकप: बंद आहे. बाकी सगळं नीट दिसतंय.

खिळेजुळाऱ्या: छपाईला देणार असाल तर आत्ताच सायन, मजेंटा, पिवळा, काळा यांत बदलून घ्या. नंतर रंग मेला म्हणून रडू नका.

अर्धाकप: छापायचं नाहीये हो!

कुंचला: मुळात हे आकड्यांचं खूळच नको. लाल-हिरवा कालवला की तपकिरी होतो, शाळेतल्या पोरालाही कळतं.

चष्मिष: @कुंचला, वाटीतले रंग उजेड शोषतात. इथे उजेडात उजेड मिसळतोय. पूर्ण लाल अधिक पूर्ण हिरवा म्हणजे पिवळाच. एक मिनिट... म्हणजे यांचे 150 आणि 75 दोन्ही 'पूर्ण' धरले जातायत! कोड टाका बघू.

अर्धाकप: साधा शेडर आहे (ग्राफिक्स चिपवर रंग काढणारा छोटा प्रोग्रॅम), त्यात काय टाकायचं? व्हेक-थ्री, म्हणजे तीन आकड्यांच्या संचामध्ये 150, 75, 0 दिलंय.

चष्मिष: हे पहिल्या ओळीत सांगायचं ना राव! तिथे 0 ते 1 चालतं. वरचं सगळं 1 वर छाटलं जातं. 255 ने भागा.

अर्धाकप: भागलं. आता काळाकुट्ट.

कुंचला: म्हटलं होतं.

चष्मिष: 150/255 असं लिहिलंत ना? पूर्णांकांचा भागाकार, दशांश गळून उत्तर 0. 150.0/255.0 लिहा, नाहीतर सरळ 0.588, 0.294, 0.0.

अर्धाकप: आला!! पण काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगीकडे झुकतोय.

चष्मिष: तो आहेच नारिंगी, फक्त मंद केलेला. हेच प्रमाण ताणून 255, 128, 0 करा, चक्क नारिंगी दिसेल. शेजारी जास्त उजळ काही असलं तरच डोळा त्याला तपकिरी म्हणतो. मागे पांढरा टाकून बघा.

अर्धाकप: टाकला. जमलं. आभार, झोपतो.

पणती: रात्रीचा मोड एकदा बघाच पण.