मदत हवी आहे: ॲग्रीनंतर गावातच राहावं का?

नमस्कार ताई-दादांनो, मी मूळची डोंबिवलीची, सीईटीच्या राऊंडमध्ये सिंधुदुर्गातलं एक छोटं ॲग्री कॉलेज मिळालं आणि पहिले दोन महिने रोज घरी फोन करून रडायचे, पावसात लाईट गेली की दिवसभर नाही, रेंज नाही, ओळखीचं कोणी नाही. आता चौथं वर्ष आहे. रावेसाठी (शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम शिकायचं असतं ते) गावात राहिले तिथल्या काकींनी मला काजूचं मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडतात ते) बांधायला शिकवलं, म्हणजे पुस्तकात होतंच पण काडी कधी घ्यायची, पट्टी किती घट्ट बांधायची हे हातानेच कळतं. आधी मी वर्गात तोंड उघडत नव्हते, आता शेतकऱ्यांच्या मीटिंगमध्ये उभी राहून बोलते, ही मला खूप मोठी गोष्ट वाटते.

प्रश्न असा आहे की घरचे म्हणतायत पुण्यात जाऊन एमपीएससीचा क्लास लाव. मला इथेच वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची छोटी नर्सरी करायची आहे. स्वतःची जमीन नाही, भाड्याने घ्यावी लागेल. कोणी असं केलंय का? कृषी विभागाचा रोपवाटिका परवाना भाड्याच्या जागेवर मिळतो का, सुरुवातीला किती कलमं करावीत? आणि आईबाबांना कसं समजावलंत तेही प्लीज सांगा.