सैनिकाच्या मनगटावरचं स्मार्ट घड्याळ: सरसकट बंदी की सेटिंग पुरे?

बिनतारी: माझं मत, तैनातीच्या जागी धावणं मोजणारी अ‍ॅपं सरसकट बंद करा. धावा नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७मध्ये जगभरच्या धावांचा एकत्रित नकाशा काढला आणि जानेवारी २०१८मध्ये त्यात अफगाणिस्तान, सीरियातले अमेरिकी तळ लोकांना दिसले. शहरात हजारोंमध्ये एक रेघ हरवते. वाळवंटात घड्याळवाले फक्त सैनिकच, त्यामुळे कुंपणालगतची रोजची फेरी ठळक उमटते.

कदमताल: दोष जीपीएसचा, घड्याळाचा नाही. पेंटागॉननेही, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, ऑगस्ट २०१८मध्ये मोहिमेच्या क्षेत्रात लोकेशनला मनाई केली, घड्याळं काढून घेतली नाहीत. 'ट्रेडमिल' मोड लावा, त्यात जीपीएस बंद राहतं, नाडी आणि वेळ नोंदतेच. अंतर मात्र हाताच्या हालचालीवरून मोजलं जातं, ते चुकतं. ५ किलोमीटरची वेळ हवी तर मोजलेल्या ट्रॅकवर पळा. फोनमध्येही अ‍ॅपची लोकेशन परवानगी काढा. काही घड्याळं खिशातल्या फोनचं जीपीएस उचलतात, इथेच बरेच जण फसतात.

बिनतारी: आणि 'फक्त मला दिसेल' ठेवलं तरी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर जातेच ना? धावेचा घराजवळचा भाग लपवायला अ‍ॅपमध्ये आखतात ते वर्तुळही कुचकामी: वेगवेगळ्या दिशांच्या चार-पाच धावा जिथे तुटतात ते बिंदू जोडा, मध्य सापडतो. शिवाय तुकडीत एकाचं प्रोफाइल उघडं राहिलं की बाकीच्यांची खबरदारी वाया. २०२४मध्ये 'ल माँद' या फ्रेंच दैनिकाने फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांच्या अंगरक्षकांच्या धावांवरूनच दौऱ्यांचा माग काढला होता.

नाडीपरीक्षा: दोघंही नकाशातच अडकलात राव. लेहसारख्या उंचीवर खरा धोका आकड्यावर भरवसा ठेवण्याचा आहे. आपल्या लष्करात २,७०० मीटरच्या वर पहिल्या टप्प्यात ६ दिवस रुळायला देतात, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, पट्टा सैल असतो, आणि मनगटावरचं ऑक्सिजनचं माप भलतंच येतं. ९५ दिसलं म्हणून गडी दुसऱ्याच दिवशी पळायला निघाला तर? डोकेदुखी, मळमळ, बसल्या जागी धाप असेल तर आकडा काहीही असो, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जायचं.

कदमताल: ऑक्सिजनबद्दल मान्य. नाडीचं तसं नाही. उंचीवर ती वाढणारच, पण रोज अंथरुणातून उठण्याआधीचा आकडा वहीत लिहिला तर शरीर रुळतंय का ते कळतं. त्याला अ‍ॅप नको, सिंक नको.

बिनतारी: मग घड्याळ तरी कशाला? मनगटावर दोन बोटं ठेवा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा.