मदत हवी आहे: बाळाच्या रिपोर्टात सी३ जास्त आलंय

घाईत_बाबा: जन्मजात आजार शोधायला नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन केलेल्या तपासणीचा रिपोर्ट आज व्हॉट्सॅपवर आला. सी३ समोर लाल बाण, खाली 'पुन्हा तपासा', बस्स. डॉक्टर सोमवारी भेटणार. गुगलवर मेथिलमॅलोनिक अ‍ॅसिडेमिया (रक्तात आम्ल साचण्याचा जन्मजात आजार) वगैरे दिसतंय. नक्की काय आहे? लवकर सांगा.

ठाणेकर_मामी: आकडा किती? मर्यादा किती? बाळ कितव्या दिवसाचं?

घाईत_बाबा: ७.४. मर्यादा ५.५. रक्त तिसऱ्या दिवशी घेतलं. बाळ ठणठणीत, अंगावर पितंय.

चटणीभाकर: आमच्या भाच्याचंही असंच आलं होतं, काही निघालं नाही. लॅबवाले घाबरवतात. दुर्लक्ष करा.

धांडोळा: @चटणीभाकर, असले सल्ले देऊ नका हो. मी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे असे रक्तातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, काम करते, डॉक्टर नाही. सी३ म्हणजे प्रोपिओनिल कार्निटिन. व्हॅलिन, आयसोल्युसिनसारख्या अमिनो आम्लांचं विघटन होताना प्रोपिओनिल-कोए नावाचा मधला पदार्थ बनतो. त्याची पुढची वाट अडली की तो कार्निटिनला (पेशीत चरबी वाहून नेणाऱ्या पदार्थाला) चिकटून सी३ म्हणून रक्तात साचतो. वाट एन्झाइमच्या जन्मजात दोषाने अडते, नाहीतर एन्झाइमला लागणारं बी१२ नसल्याने. रिपोर्टात सी३/सी२ गुणोत्तर (सी२ म्हणजे अ‍ॅसिटिल कार्निटिन) आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल किती? आणि आईचं बी१२ किती?

घाईत_बाबा: आईचं कशाला? रिपोर्ट बाळाचा आहे.

धांडोळा: बाळाला बी१२ चा साठा आईकडूनच मिळतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. साधारण दोन तृतीयांश जणींत बी१२ कमी होतं.

घाईत_बाबा: आईचं तपासलेलंच नाही. शाकाहारी आहे, पण दूध-दही भरपूर. लोह आणि फॉलिकच्या गोळ्या वेळेवर घेतल्यात.

कोंबडीवडे: अंडी खाल्ली असती तर ही वेळ आली नसती.

तुळशीवृंदावन: आमच्या सात पिढ्या शाकाहारी, सगळे धडधाकट. स्पिरुलिना (शेवाळाची पूड) घ्या, त्यात भरपूर बी१२ असतं.

धांडोळा: स्पिरुलिनातलं बहुतेक बी१२ माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही. फॉलिकनेही बी१२ ची उणीव भरत नाही.

ठाणेकर_मामी: मग आजच बाळाला बी१२ चं इंजेक्शन द्या. मोकळे व्हा.

धांडोळा: मामी, थांबा! आधी नमुने, मग इंजेक्शन. नाहीतर आकडे बदलतात आणि मूळ कारण शोधणं अवघड होतं. तपासायचं काय, तर लघवीतलं मेथिलमॅलोनिक आम्ल आणि रक्तातलं होमोसिस्टिन (बी१२ कमी पडलं की ही दोन्ही वाढतात), शिवाय बाळ आणि आई दोघांचं बी१२. मात्र बाळ दूध सोडेल, सुस्तावेल, उलट्या करेल किंवा धापा टाकेल तर सोमवारची वाट बघू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, रिपोर्ट दाखवा, रक्तातला अमोनिया तपासायला सांगा.

मांडवीकाठ: ही तपासणी सरकारनेच करायला हवी. आमच्या गोव्यात २००८ मध्येच सुरू झाली होती.

कोंबडीवडे: घ्या, आले गोवेकर.

घाईत_बाबा: ताई, धन्यवाद. मूल झोपलंय, श्वास नीट आहे. डॉक्टरांना आत्ताच फोन लावतो. बायको म्हणते पीसीओडीसाठी तीन-चार वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहातही देतात ती गोळी) चालू होतं. त्याचा काही संबंध?

धांडोळा: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं तर बी१२ कमी होऊ शकतं. फोनवर डॉक्टरांना हेच आधी सांगा. पण म्हणून लघवीची तपासणी टाळू नका.

चटणीभाकर: मलाही मेटफॉर्मिन चालू आहे. केस गळतात ते यामुळेच का?