एकदम 'हेच कारण!' असं क्लिक होतं आणि नंतर साफ चुकीचं निघतं, असं का होतं?

केळीवाला_रावेर
अडीच एकर केळी आहे, जी-नाईन जातीची. बांधाकडच्या चार ओळी पिवळ्या पडत चालल्या होत्या, आठ दिवस डोकं खाजवत होतो, माती पाहिली, कंद उकरून पाहिला, काही कळेना. मग एक दिवस सकाळी अंगावर तांब्या ओततोय आणि एकदम लखकन, अरे रोपंच दुसऱ्या लॉटची दिली! शेवटची गाडी उशिरा आली होती ना, तीच रोपं या ओळींत लागली. सगळं असं फिट्ट बसलं की ओल्या अंगानेच नर्सरीवाल्याला फोन लावून नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी सालदाराने त्या ओळींच्या ठिबकच्या नळीची एंड कॅप काढली तर पाणी थेंब थेंब, ड्रीपर क्षाराने चोकप. पाण्यातून सोडलेलं खत पोचतच नव्हतं. चूक होते, ठीक आहे, पण इतकी खात्री कशी काय वाटते? आणि खरं सांगू, अजूनही मनात येतं की लॉटचं काहीतरी असेलच.

धुळ्याची_ताई
एमएला सायकॉलॉजी होतं म्हणून लिहिते. ते लखकन होणं म्हणजे तुकडे जुळले एवढंच, खरे जुळले असं नाही. पण आपण त्यावर भरवसा ठेवतो तो उगाच नाही, शब्दकोड्यांच्या प्रयोगांत अशी अचानक सुचलेली उत्तरं पायरीपायरीने काढलेल्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर निघालीत. गंमत पुढे आहे. काही प्रयोगांत लोकांना आधी एकाच विषयाचे शब्द वाचायला दिले, मग उलटसुलट अक्षरांचं कोडं. अक्षरं त्या विषयातल्या शब्दासारखी दिसायची पण तो शब्द त्यातून बनतच नव्हता, तरी बऱ्याच जणांना तोच सुचला आणि वर 'अहा!' पण झालं. दुसरीकडे वाक्यातला एकच शब्द असा विस्कटून ठेवला, तर तो सुटला की अख्खं वाक्यच जास्त खरं वाटायचं. आनंद कोड्याचा, शिक्का वाक्यावर!
भाऊ, त्या आठवड्यात रोपांबद्दल काही कानावर पडलं होतं का?

भुसावळ_मास्तर
केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचं बघा. १५९५ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये शिकवताना त्याला सुचलं की सहा ग्रहांच्या मधल्या पाच जागांत पाच सुसम घन (सगळ्या बाजू अगदी सारख्या असलेल्या घनाकृती) बसतात. तेव्हा ग्रह सहाच माहीत, आणि असे घन असतात पाचच, म्हणजे तुमच्या उशिरा आलेल्या गाडीपेक्षा भारी जुळणी. साफ चूक. १६०९ला मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे त्यानेच छापलं, तरी १६२१ला ते घनांचं जुनं पुस्तक टिपा घालून परत काढलंच पठ्ठ्याने.

तापीकाठचा_भो
ते ठेवा बाजूला भो. पान पिवळं दिसलं की आधी नळी बघायची, मग मुळी, मग दुसऱ्याचा बाप काढायचा. क्षार काढायला ड्रीपला ॲसिड कधी सोडलं होतं शेवटचं?

केळीवाला_रावेर
ताई, पडलं होतं ना, टपरीवर आठ दिवस एकच विषय, अमक्याला डुप्लिकेट रोपं लागली म्हणून. आणि ॲसिड यंदा सोडलंच नाही. आता त्या माणसाला फोन कोणत्या तोंडाने करू, पुढच्या लागणीची रोपं त्याच्याचकडे बुक आहेत.