नदीतला गळ: नशीब की पाण्याचा अभ्यास?

गोदाकाठ:
मासा लागला नाही की आपण नशिबाला बोल लावून मोकळे होतो. माझं म्हणणं सरळ आहे. नदीत नशिबाचा वाटा फार थोडा, खरा वाटा गळ कुठे पडतो याचा.

अमेरिकेतल्या नद्यांवर बास आणि कॅटफिश, म्हणजे मिशीवाले मासे, कसे धरतात, ते गेलं वर्षभर वाचतोय. बास गोदावरीत नाही, तो तिकडचाच मासा. पण त्याचं वागणं बघा. वाहत्या पाण्यातला स्मॉलमाउथ बास धारेशी झुंजत बसत नाही. खडकाच्या आडोशाला धारेकडे तोंड करून थांबतो आणि वाहत आलेला घास झडप घालून उचलतो. कॅटफिश दिवसा वळणाच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याने काठ कोरून जिथे डोह केलेला असतो तिथे पडून राहतो. अंधार पडला की उथळाकडे चरायला येतो.

मागच्या हिवाळ्यात सायखेड्याच्या खाली सकाळपासून चार तास बसलो, काठी हलली नाही. मग खायला आणलेले मूठभर कुरमुरे पाण्यात टाकले. बहुतेक सरळ वाहून गेले. सात-आठ मात्र एका जागी वळले आणि तिथेच गोल फिरत राहिले. खाली खडक होता, वरून दिसतही नव्हता. गळाला वजनासाठी लावलेलं शिसं कमी केलं, गांडूळ तेच ठेवलं आणि गळ त्या भोवऱ्याच्या कडेला सोडला. अर्ध्या तासात हातभर शिंगाडा, आपल्याकडचा मिशीवाला मासा. मी जागचा उठलोही नव्हतो, गळ फक्त पंधरा फूट उजवीकडे गेला होता. याला नशीब म्हणायचं?

चेहेडीकर:
भाऊ, एका शिंगाड्यावर सिद्धान्त उभा करू नका. मी दारणेच्या काठी वाढलो. पाणी वाचायचं तर ते आज जसं आहे तसं उद्या असायला हवं ना? वर गंगापूर, दारणा ही धरणं, खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. आपली नदी दरवाजांवर चालते. सकाळी ज्या खडकामागे संथ पाणी असतं, तिथे दुपारी विसर्ग वाढला की फेसाळ धार. शेतीसाठी सोडलेलं आवर्तन बंद झालं की तोच खडक उघडा. तुमचे कुरमुरे त्या तासापुरते खरे.

दरवाजा कधी उघडणार हे ना माशाला कळतं ना मला. ज्या दिवशी पाणी सावकाश चढतं, त्या दिवशी काठाच्या गवतात नवख्यालाही वाम मिळते. ज्या दिवशी झपकन उतरतं, त्या दिवशी जुने जाणतेही हात हलवत घरी येतात. नशीब नाही तर काय म्हणायचं याला?

रातपाळी:
दोघंही आमिषाबद्दल बोलतच नाहीत. शिंगाडा काय, मागूर काय, मिशीवाला मासा डोळ्यांवर जगत नाही. त्याच्या मिशांवरच काय, अंगभर चव कळते. गढूळ पाण्यात, अंधारात तो वासामागे येतो. मी कोंबडीची आतडी वापरतो, दिवेलागणीनंतर बसतो आणि गळ तळाला टेकवतो. बासला हे चालणार नाही. तो नजरेवर आणि पाण्यातल्या हालचालीवर शिकार करतो, त्याला हलणारं काहीतरी लागतं. दोन माशांना एकच पद्धत लावली की नशीब फुटकंच वाटणार.

आणि नवीन मुलांना एक सांगतो. शिंगाडा गळावरून काढताना त्याला मुठीत आवळू नका. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तो ताठ करतो. माझ्या अंगठ्यात घुसला तेव्हा हात दोन दिवस ठणकत होता. कल्ल्यामागचे काटे बोटांच्या बेचक्यात येतील असं खालून धरा.

गोदाकाठ:
रातपाळी, आमिषाचं मान्य. पण उत्तम आमिष धारेत टाकलं तर शेवटी ते वाहत जाऊन गवतातच अडकतं.

चेहेडीकर, धरणं तिकडेही आहेत. टेनेसी खोऱ्यात विसर्गाच्या वेळा आधी जाहीर होतात आणि गळवाले त्या बघूनच घराबाहेर पडतात. आपल्याकडेही विसर्ग वाढवायच्या आधी काठच्या गावांना इशारा मिळतो, क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात. ते पूर येणार का म्हणून आपण वाचतो, मासा कुठे सरकणार म्हणून कुणी वाचत नाही. पाणी चढलं की मासा काठाकडे येतो हे तुम्हीच सांगितलंत. मग तो अभ्यासच झाला की.

चेहेडीकर:
क्युसेकचे आकडे बघून नदीत उतरायचा सल्ला कृपा करून देऊ नका. पावसाळ्यात तर मुळीच नको. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आहे की कमरेला, हे बघायला लोक जमतात, तोवर खालच्या गावांत काठ गेलेला असतो. माझा चुलतभाऊ नदीमधल्या खडकावर गळ टाकून बसला होता. पाणी घोट्याला लागलं तेव्हा त्याला वाटलं लाट आली. दहा मिनिटांत परतीची वाट बुडाली. गावातल्या पोरांनी दोर टाकून ओढला म्हणून वाचला. काठावर बसा, मासा नाही मिळाला तरी चालेल.

गोदाकाठ:
हे शंभर टक्के मान्य. माझा तो शिंगाडाही काठावरूनच मिळाला. नदीमधला खडक माशासाठी, माणसासाठी नाही.

नवा_गडी:
मग बासच आणून गंगापूर धरणात सोडला तर? खेळायला काय मजा येईल!

पाणथळ:
अजिबात नको. मी मासेमारी करत नाही, पक्षी बघतो, पण इथे बोलल्याशिवाय राहवत नाही. जपानने १९२५ मध्ये आशी सरोवरात लार्जमाउथ बास सोडला. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक मासे खात सुटला आणि २००५ पासून तिथे तो पाळणं, सोडणं, जिवंत नेणं कायद्याने बंद आहे. आपल्याकडे चिलापी (तिलापिया) हा परका मासा १९५२ मध्ये आला, आज कुठलं तळं त्याच्यावाचून आहे? थायी मागुराचंही तेच, बंदी असून सापडतो.

दुसरं, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, २०१९ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळ टाकायचा नाही. तुम्ही खाली खाली सरकत जाता आणि हद्द कुठे लागली ते बघत नाही.

रातपाळी:
खेळायला बास कशाला हवा? मरळ आहे की आपली. पाणवेलीच्या कडेला दबा धरते, बेडकावर अशी तुटून पडते की पाणी फुटतं. हवा घ्यायला वर येते तेव्हा एक बुडबुडा सोडते, तिथे टाका.

पाणथळ:
मरळीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पावसाळ्यात केशरी पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरताना दिसतो. त्याच्याखाली मोठी मरळ राखण करत असते. त्या पुंजक्यावर गळ आपटला की ती चिडून हमखास धरते आणि लोक त्याला नशीब म्हणतात. ती गेली की तो सगळा पुंजका इतर मासे आणि बगळे संपवतात.

चेहेडीकर:
हे आमच्याकडे सर्रास चालतं. मीही लहानपणी केलंय, आता चुकलं असं वाटतं.

गोदाकाठ:
अमेरिकेत बासचंही तसंच, नर घरट्यावर पहारा देतो आणि गळ जवळ आला की हल्ला करतो. म्हणून पुष्कळ जण त्या दिवसांत त्याला हात लावत नाहीत किंवा लगेच सोडून देतात. पुंजका दिसला की मी काठी गुंडाळतो, सोबतच्यांनाही सांगतो. वाद घालायला लागतो, घालतो.

रातपाळी:
ठीक, पुंजक्यावर मीही टाकणार नाही. पण दिवसा कुरमुरे टाकून शिंगाडा मिळतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटायचं नाही.

गोदाकाठ:
रविवारी या, सकाळी सहाला, सायखेड्याच्या पुलाजवळ. आतडी तुमची, गांडूळ माझं, जागा एकच.

चेहेडीकर:
मीही येतो. शनिवारी रात्री विसर्गाचा आकडा बघून सांगतो, वाढवणार असतील तर कुणी निघू नका.