डर्बीचा घोडा घड्याळावर ठरतो का?

कठड्यापाशी
काल इथे एकाने ठासून लिहिलंय: 'डर्बीच्या आठवड्यात फक्त 600 मीटरची वेळ बघा. 36-37 सेकंदांत आला तो तयार, 40 लागले तो कच्चा. बाकी सगळ्या बाता.' नवी पोरं त्यावर पैसे लावायला निघालीत, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची डर्बी, म्हणजे वर्षातली मोठी शर्यत, 2400 मीटरची, गवतावर. सकाळचं काम, म्हणजे सराव, बहुतेक वाळूवर. पाठीवर कधी जॉकी, कधी रायडिंग बॉय (सरावाला घोडा पळवणारा पोरगा), आणि त्या पोराचं वजन पेपरात वेळेशेजारी छापलेलं नसतं. जमीन वेगळी, वजन वेगळं, अंतर चौथा हिस्सा, आणि त्यावरून दमसास ठरवायचा? 600 मीटरमध्ये चपळाई कळते, दम नाही कळत.

मी शेवटच्या 200 मीटरमध्ये स्वाराचे हात बघतो. हात गप्प असून घोडा पुढे ओढत असेल तर 40 सेकंदही मला चालतात. ढकलून, चाबूक दाखवून काढलेले 37 मला नकोत. मग काम संपतं तो खांब ओलांडल्यावर घोडा आपणहून किती पुढे जातो ते बघतो. परत चालत येताना नाकपुड्या आणि कूस, म्हणजे पोटाची बाजू. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 30-40, जोरात धावताना 220च्या वर. ते किती लवकर उतरतात, तीच तयारी. कूस बराच वेळ भात्यासारखी चालत राहिली तर घोडा अजून कच्चा आहे.

स्टॉपवॉचवाला
ती पोस्ट माझीच. 'हात गप्प होते', 'मोकळा धावला', हे सगळं मत झालं. दहा माणसं दहा मतं देतील. 37 म्हणजे 37.

माझ्या मामाने आयुष्यभर अशाच एका नजरवाल्याच्या मागे पैसे घालवले. तो कठड्याला टेकून सांगायचा, 'याची चाल बघ, याची मान बघ.' मामाचं दुकान गेलं, नजरवाला दुसऱ्या दिवशी तिथेच उभा. तेव्हापासून मी घड्याळ धरलं.

आणि कुशीचं म्हणाल तर घोडा अंगातली उष्णता काढायलाही जोरात श्वास घेतो. दमट सकाळी पूर्ण तयार घोडाही धापा टाकतो. त्याला तुम्ही कच्चा ठरवणार?

कठड्यापाशी
दमट हवेचं बरोबर आहे. म्हणूनच त्याच सकाळी, तेवढंच काम केलेल्या दुसऱ्या घोड्याशी ताडून बघायचं.

घड्याळाचा एवढा भरवसा असेल तर 'द ग्रीन मंकी' आठवा. 2006, फ्लोरिडातला लिलाव. दोन वर्षांचा घोडा विक्रीआधी एक फर्लांग (साधारण 200 मीटर) 9.8 सेकंदांत धावला आणि 1 कोटी 60 लाख डॉलरला गेला. पुढे तीन शर्यती, एकही जिंकला नाही.

स्टॉपवॉचवाला
एका फर्लांगावर कोण डर्बी ठरवतंय? मी 600 म्हणालो.

मोतद्दाराची_मुलगी
माझे वडील पुण्यात आणि मुंबईत मोतद्दार होते, घोड्यांची देखभाल करायचे. तुम्ही दोघंही घोडा तबेल्याबाहेर आल्यावर बघायला लागता. वडील पहाटे आधी गव्हाण बघायचे. एका मोठ्या शर्यतीच्या आठवड्यात त्यांच्या फिलीने, म्हणजे तरुण घोडीने, सलग चंदी (दाणा) न खाता तशीच टाकली. सकाळी वाळूवर मात्र सगळ्यांत चांगली वेळ दिली, ती पेपरात आली आणि ती फेव्हरेट झाली. घरी वडील म्हणाले, 'उद्या ही संपणार.' शेवटच्या वळणावर ती हलली नाही. काम जोरात झालं की नाजूक फिली खाणं सोडते. त्या वेळेचं मोल तिने आधीच चुकवलं होतं.

टोटची_रांग
अहो, घोडा ओळखून करणार काय? आधी जीएसटी 28 टक्के, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. 22 सप्टेंबर 2025 पासून 40. माझं ज्ञान कितीही पक्कं असलं तरी एवढी दरी कोणता घोडा भरून काढणार? चांगले पंटर, म्हणजे पैसे लावणारे, टोट (रेसकोर्सवरची कायदेशीर बेटिंग) सोडून गेले. यावर कोणी बोलत नाही, चंदीवर चर्चा!

स्टॉपवॉचवाला
इथे मात्र शंभर टक्के सहमत. कर जिंकलेल्या पैशावर घ्या ना, लावलेल्यावर का?

शनिवार_पेठ
सगळी रेसच बंद झाली तर बरं. वर कोणाच्या तरी मामाचं दुकान गेलं ते वाचलं. तो पैसा कर म्हणून सरकारात गेला तर बिघडलं काय?

टोटची_रांग
सरकारात जात नाही, हेच तर सांगतोय! बेकायदा बुकीकडे जातो. तिथे ना कर, ना पावती, आणि उधारीवर खेळता येतं. मामाचं दुकान उधारीवरच गेलं असणार.

स्टॉपवॉचवाला
माझ्या मामाबद्दल अंदाज बांधू नका. रोख गेलं.

शनिवार_पेठ
म्हणजे टोट असो वा बुकी, दुकान गेलंच.

मोतद्दाराची_मुलगी
बंद करा म्हणणं सोपं आहे. मोतद्दार, रायडिंग बॉय, नालबंद, गवतवाले, यांची घरं यावर चालतात. माझं शिक्षण त्याच पगारावर झालं. घोडा दिवसातून दोनदा खरारा मागतो, तो कर बघत नाही. तुम्ही पेठेत बसून कोणाच्या पोटावर बोलताय ते तरी बघा.

शनिवार_पेठ
तुमच्या वडिलांबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यांच्या कामाचा मान आहे. जुगाराचा नाही. यापुढे इथे लिहीत नाही.

टोटची_रांग
हाँगकाँगमध्ये प्रत्येक घोड्याचं सकाळचं काम, शर्यतीच्या दिवशीचं वजन, डॉक्टरी नोंद, सगळं लोकांसमोर असतं. पंटरला 40 टक्के लावता, तर निदान कोणत्या घोड्याचा पाय गेल्या आठवड्यात सुजला होता एवढं तरी सांगा!

स्टॉपवॉचवाला
हाच माझा मूळ मुद्दा. चंदीची गोष्ट मला पटली, बाईंच्या वडिलांना दिसलं ते घड्याळाला दिसलं नसतं. पण ती गव्हाण मला कोण दाखवणार? ट्रेनर? मालकाचे मित्र? ज्याची तबेल्यात ओळख नाही, त्याच्या हातात पेपरातली वेळ तेवढी उरते. 2400साठी 600 अपुरं आहे हे मान्य. यापुढे 1200 आणि 1400ची कामंही धरीन, आणि गवतावरची मॉक रेस (सरावाची शर्यत) झाली असेल तर तीही. घड्याळ सोडणार नाही.

कठड्यापाशी
सोडू नका. पण घड्याळ खांबापाशी थांबवल्यावर मान खाली घालून आकडा लिहू नका. घोडा पुढे वळणावर जातो तिकडे बघा. त्याला तबेल्यात ओळख लागत नाही, चालायला येणाऱ्यांनाही ते दिसतं. कामाच्या नादात लगाम तोंडात घेऊन अजून 200-300 मीटर जाणारा आणि खांब येताच पाय टाकून देणारा, दोघांची वेळ तुमच्या वहीत 38च असेल. रविवारी पॅडॉकमध्ये, शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, मी यातला पहिल्या प्रकारचा घोडा शोधणार आहे.

स्टॉपवॉचवाला
दोन्ही प्रकारच्या घोड्यांचे नंबर इथे टाका. रविवारच्या आधी, नंतर नाही.